थोरल्याचा उपास

आमच्या ह्यांनी आयुष्यभर न्हावा शेवाला कंटेनर सोडवले. परदेशातून माल आला की त्याचे कागद बघायचे, तपासणी करून घ्यायची आणि शिक्का मिळाला की माल बंदराबाहेर काढायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर सोडवायला काही उरलं नाही, म्हणून ते घरातच अडवाअडवी करू लागले. मी बाजारातून कोथिंबीर आणून ओट्यावर ठेवली की विचारायचे, "ही तपासली का?" पाहुणे आले तर त्यांच्या पिशव्या आधी पडवीत थांबायच्या. अशा माणसाच्या हाती एक हौद आणि दुसऱ्याचे मासे पडल्यावर काय होईल, हे मला आधीच कळायला हवं होतं. पण कळलं असतं तरी मी त्यांना अडवलं नसतं. त्याचं कारण आमच्या भिंतीपलीकडे राहत होतं.

पलीकडे बाई राहायच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून अख्ख्या आळीच्या त्या बाई. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. पनवेलमध्ये त्यांची घरं पूर्वी बरीच होती, आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, बाकीची मंडळी एकेक करून इस्रायलला गेली. बाईंचा मुलगाही गेला. तिकडेच त्याचं लग्न झालं, नातवंडं झाली. त्या नातवंडांना मराठीतले दोनच शब्द येत, 'आजी' आणि 'नको'. बाई मात्र इथेच राहिल्या होत्या, आणि त्यांच्या परसात एक छोटं तळं होतं. मुळात तो विहिरीच्या पाण्यासाठी बांधलेला दगडी हौद. त्यात पांढरी आणि जांभळी कुमुदं, कडेला वेखंड, आणि केशरी, पांढरे, ठिपक्यांचे गोल्डफिश. त्यातला पांढऱ्या शेपटीचा सगळ्यात म्हातारा मासा म्हणजे थोरला. बाई त्याला थोरलाच म्हणायच्या, जणू बाकीचे त्याचे धाकटे भाऊ होते आणि त्याच्या शब्दाबाहेर नव्हते.

बाई आपल्या माशांना पापं खाऊ घालतात, असं मी म्हणायचे. त्याचं असं आहे की त्यांच्या नव्या वर्षाला पाण्याच्या काठी जाऊन प्रार्थना म्हणायची आणि पदर झटकून वर्षभराची पापं पाण्यात सोडायची, अशी रीत आहे. पूर्वी सगळे मिळून गावातल्या तळ्यावर जायचे. मग माणसं कमी झाली, तळ्याला कुंपण आलं, बाईंचे गुडघे कुरकुरू लागले. तेव्हापासून बाई आपल्याच परसात पदर झटकायला लागल्या. पाणी असावं आणि पाण्यात मासे असावेत, म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. मी भिंतीवरून बघायचे आणि विचारायचे, "बाई, तुमचे मासे एवढे बारीक कसे हो? वर्षभरात काहीच केलं नाहीत वाटतं?"

त्या म्हणायच्या, "तू ये नि झटक. आठवड्यात रोहूएवढे होतील."

तर त्या बाईंचं घर विकायचं ठरलं. आजूबाजूचं सगळं पाडून तिथे इमारत होणार होती, आणि बिल्डरला जागा दिवाळीनंतर हवी होती. म्हणजे तळं बुजणार. मुलगा रोज फोन करून विचारायचा, "आई, तिकीट कधीचं काढू?" एका दिवशी बाईंनी त्याला सांगून टाकलं, "माझे मासे शेजारी रुळले, की काढ." मुलाने ते मान्य केलं, कारण आईशी वाद घालून तो शाळेत असतानाही कधी जिंकला नव्हता.

आता माझं सांगते. मला बाई जायला नको होत्या. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला पोळ्या सोडून काही येत नव्हतं, आणि माझ्या सासूबाईंना ते आळीभर सांगायला आवडायचं. बाईंनी मला भिंतीवरून एकेक पदार्थ शिकवला आणि त्याचं श्रेय कधी घेतलं नाही. माझ्या मुलीला गणितात काठावर पास करून दाखवायचा चमत्कारही त्यांचाच. आता मुलगी बंगळुरूला, वरची खोली रिकामी. मी ती गुपचूप झाडून घेतली, पलंगावर नवी चादर घातली. माझं गणित सरळ होतं. मासे रुळले नाहीत तर तिकीट निघणार नाही, दिवाळी झाली की बाईंना राहायला जागा उरणार नाही, मग त्या वरच्या खोलीत येतील. बाईंनी हे गणित तपासलं असतं तर पहिल्या पायरीलाच लाल रेघ मारली असती.

हौद आमच्याकडेही होता, मोरीमागे, सिमेंटचा. त्यात जुना कूलर, सायकलचं चाक आणि गणपतीच्या मखराच्या काठ्या राहत होत्या. ह्यांनी तो रिकामा केला, घासला, नळाचं पाणी भरलं आणि जाहीर केलं की पाणी मुरल्याशिवाय आत काहीही सोडलं जाणार नाही. मी लगेच म्हटलं, "बरोबर आहे. घाई कशाला?" इतक्या वर्षांत माझ्याकडून असा पाठिंबा त्यांना पहिल्यांदाच मिळत होता, त्यामुळे ते आणखीच कडक झाले.

आधी झाडं आली. कुमुदाचा गड्डा असा उचलून पाण्यात टाकायचा नसतो. जुन्या प्लॅस्टिकच्या टोपलीत चिकण माती भरायची, त्यात तो आडवा लावायचा, वर खडी पसरायची म्हणजे माती पाण्यात पसरत नाही, आणि टोपली सुरुवातीला विटांवर उंच ठेवायची. पानं वर आली की एकेक वीट काढायची. पण ह्यांच्या कायद्याप्रमाणे झाडांनी आधी बाहेर बादलीत थांबायचं होतं. रोज सकाळी चष्मा लावून ते पानांच्या खालची बाजू बघायचे. मी चहा घेऊन मागे उभी राहायचे आणि एखादा डाग दाखवायचे. "हा काय हो? रोगबिग असेल." की ते बंदरावर माल अडवताना म्हणत तसं म्हणायचे, "होल्ड." एकदा मी एक गोगलगायही दाखवली. ती मीच कुंडीतून आणून ठेवली होती, पण ते जाऊ दे.

बाईंनाही घाई नव्हतीच. पांढरं कुमुद द्यायचं कबूल करून त्यांनी आधी नुसती दोन पानं पाठवली, "नमुन्याला" म्हणून. वेखंड द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "आज शनिवार, आज मी काम करत नाही." सोमवारी ह्यांचा उपास, मंगळवारी माझ्या सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे नवीन काही सुरू करत नाहीत, बुधवारी पाणी आलं नाही. अशाने एक हौद भरायला अख्खा उन्हाळा गेला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन बायका बसल्या होत्या आणि मधे एक माणूस मनापासून काम करत होता.

शेवटी झाडांना परवानगी मिळाली. पानं वर आली, विटा निघाल्या. आता मासे. पण बाईंचे मासे एकदम सोडायचे नाहीत, आधी दुसरे कुठले तरी मासे सोडून पाणी मानवतं का ते बघायचं, असं ह्यांनी ठरवलं. बंदरावर म्हणे पहिला माल नेहमी थोडा मागवतात. आणि हे त्यांनी कोणाला सांगावं? तर आमच्या कोळणीला. ती उरणकडून येते, आमच्याकडे मासळी तिचीच. मी घरात होते. ह्यांनी तिला दारातच गाठून सांगितलं की जिवंत मासे हवेत, हौदात सोडायचेत.

"जित्तं म्हावरं? आनते ना सायब, नाय कशाला," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती बादली घेऊन आली. पावसाला नुकती सुरुवात झाली होती, आणि तेव्हा आमच्याकडे चिवणी मिळते. खाडीची, मिशा असलेली, पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली. तिच्यासाठी माणसं एरवी वाट बघत असतात. कोळीण म्हणाली, "हौदात टाका, दुपारपावेतो जित्ती राहातील. ही आमसुलं पन आनलीत." ह्यांच्या कानात फक्त 'जित्ती राहातील' एवढंच शिरलं. त्यांनी बादलीत थोडं थोडं हौदाचं पाणी घातलं, अर्धा तास थांबले, मग एकेक चिवणी अदबीने पाण्यात सोडली. आणि स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "मासे आमसुलं खातात का गं?"

मी हसून ओट्याला धरून उभी राहिले. तेवढ्यात बाई मागच्या दाराने बघायला आल्या. त्या हौदावर वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"ह्यांना मिशा आहेत," त्या म्हणाल्या.

"असतील," हे म्हणाले.

"खवले नाहीत."

बाईंच्याकडे बिनखवल्याचा मासा खात नाहीत, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "पण बाई, तुम्ही ह्यांना खाणार थोड्याच आहात?"

"मी नाही खाणार. पण माझ्या माशांना ह्यांचा शेजार करावा लागेल ना?" बाई सरळ झाल्या. "आमच्यात नाही चालत."

हे कुठल्या धर्मग्रंथात लिहिलेलं आहे, असं मी विचारलं नाही. बाईंच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते धर्माचं काही नव्हतं. ती सुटका होती. मलाही तीच वाटत होती. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "मग काय, राहिलं."

चिवणी शिजवायला हे तयार होईनात. ज्यांना हाताने सोडलं त्यांना कढईत कसं घालायचं, असं म्हणाले. हेच गृहस्थ दर पावसाळ्यात चिवणीच्या कालवणासाठी माझ्यामागे भुणभुण करतात. दुसऱ्या दिवशी कोळीण आली, हौदात डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अजून कालवन नाय केलं? सायब, तुमाला ती पाळाया नाय दिली मी! गाबोळीची चिवनी कोन पाळतं काय?" तिने स्वतः हौदात हात घातला, मासे बादलीत भरले आणि रागारागाने घेऊन गेली. आमसुलं तेवढी विसरली. ती मी आमटीत घातली.

त्यानंतर मात्र कारणं संपत आली. पाणी पुन्हा भरून मुरलं, ह्यांनी ते हुंगून, चाखून, उन्हात धरून पाहिलं. "तळे राखील तो पाणी चाखील," बाई म्हणाल्या, "पण खरोखर चाखणारा पहिलाच." आणि श्रावणातल्या एका सकाळी बाईंचे मासे निघाले. जाळीने धरून पाणी भरलेल्या पिशव्यांत घालायचे, पिशव्या फुगवून बांधायच्या, भिंतीवरून अलीकडे द्यायच्या. इकडे आल्यावर पिशवी तशीच बंद आमच्या हौदात तरंगत ठेवायची, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच गार होईपर्यंत. मग तोंड सोडून वाटीवाटीने नवं पाणी आत घालायचं. शेवटी मासा आपणच बाहेर पडतो. हे सगळं ह्यांनी बाईंना दोनदा समजावून सांगितलं.

बाई स्टुलावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मलाही असंच पिशवीत बांधून विमानात ठेवा. आणि तिकडे उतरल्यावर त्यांना सांगा, म्हातारीला एकदम ओतू नका."

आम्ही तिघंही हसलो. ह्यांनी वाटीने पाणी घालायचं काम चालू ठेवलं.

धाकटे मासे संध्याकाळपर्यंत रुळले. कणकेच्या गोळ्या टाकल्या की झुंबड करायला लागले. थोरला मात्र कुमुदाच्या पानांखाली जाऊन बसला तो बसलाच. गोळी नाकासमोरून गेली तरी ढिम्म. बाईंनी मुलाला फोनवर सांगितलं, "थोरल्याने अन्न सोडलंय. तो खाईपर्यंत मी हलत नाही." श्रावण चालूच होता, त्यामुळे आमच्याकडे सगळेच उपाशी, त्यात हा एक. बाई रोज संध्याकाळी हौदाशी स्टूल टाकून बसायच्या आणि मला विचारायच्या, "खाल्लं का गं आज?"

पहिले काही दिवस मी खरंच "नाही" म्हणत होते. वाईटही वाटायचं. त्या माशाचा जीव जावा असं थोडंच मला वाटत होतं? मग एका सकाळी मी फुलं काढायला मागे गेले, हातात पोळीचा तुकडा होता, तो कुस्करून सहज पाण्यात टाकला. पानाखालून थोरला आला, तोंड उघडलं, तुकडा गिळला आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मी उरलेली पोळी त्याला घातली.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "खाल्लं का गं?"

"छे हो, बाई. नावच नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं की आता त्या माझ्याकडे रोखून बघणार. पण त्या म्हणाल्या, "अरेरे," आणि छान रेलून बसल्या. हेही पेपरामागून म्हणाले, "अजून होल्डवरच आहे." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ह्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

श्रावण सरत आला. माणूस उपासाने वाळतो, पण हा मासा गोल व्हायला लागला. पोट खाली आलं, केशरी रंग चकाकायला लागला. आम्ही तिघं रोज हौदाभोवती बसून एकमेकांना सांगायचो की बिचारा किती सुकलाय.

आणि एका रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा बाई हौदाशीच होत्या. मुलगा म्हणाला, "आई, दाखव तरी त्याला. मी इथल्या कोणाला तरी विचारतो." बाईंनी फोन पाण्यावर धरला. फोन धरलेला हात पाण्यावर आला म्हणजे थोरल्याच्या हिशोबाने जेवण आलं. तो पानाखालून तरातरा वर आला, अख्खं तोंड पाण्याबाहेर काढलं आणि फोनसमोर उघडझाप करू लागला.

मुलाने पडद्याजवळ तोंड आणलं. मग मुलगा म्हणाला, "आई, हा उपाशी आहे?"

बाईंनी फोन जरा मागे घेतला.

"आई, हा तर बाबांसारखा दिसतोय. शेवटी शेवटी बाबांचं पोट होतं तसा."

मग बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदराने टिपलं आणि म्हणाल्या, "काढ रे बाबा. तिकीट काढ."

फोन बंद झाल्यावर सगळं बाहेर आलं. बाई पहाटे फिरायला म्हणून निघायच्या आणि आमच्या मागच्या दाराने येऊन त्याला गोळ्या घालायच्या. मी सकाळी पोळी. हे दुपारी, मी वामकुक्षी घेत असताना, बिस्किट. तिघांनीही त्याला खाताना पाहिलं होतं आणि तिघंही तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. मला वाटत होतं हे बिचारे मधल्या मधे मन लावून काम करतायत! मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही सुद्धा?" ते म्हणाले, "मग काय तुम्हा दोघींनाच त्या जायला नको होत्या?" आणि उठून आत गेले.

मला रडू आलं. मी बाईंना म्हटलं, "बाई, वरची खोली आहे. मी झाडून ठेवलीय."

"माहीत आहे. मी बघून आले," बाई म्हणाल्या. "चादर छान आहे." मग त्यांनी माझा हात धरला. "पोरी, इथे मला काही कमी नाही. पण तिकडे दोन पोरं आहेत, त्यांना 'नको'च्या पुढचं मराठी येत नाही. ते त्यांना कोण शिकवणार? मी घाबरले होते, म्हणून माशाच्या आड लपले. आता मासाच पुढे आला, तर मी किती दिवस लपू?"

त्यांनी मांडलेलं गणित बरोबर होतं.

त्यांचं नवीन वर्ष त्या निघायच्या आधी आलं. पलीकडचं तळं रिकामं झालं होतं, म्हणून बाई आमच्या हौदाशी आल्या. पांढरं पातळ नेसल्या होत्या. प्रार्थना म्हणाल्या, पदर झटकला, आणि मला म्हणाल्या, "तूही झटक. थोरल्याबद्दल रोज खोटं बोलायचीस." मी गाऊनवर होते, पदर कुठला? ओढणी आणून झटकली. हे लुंगी सावरत बाजूला उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटाचा चुरा पडला. सगळे मासे आ वासून वर आले. थोरला सगळ्यात पुढे.

जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मलिद्याचे, म्हणजे त्यांच्यात प्रार्थनेनंतर वाटतात ते, गोड पोहे वाडग्यातून पाठवले. वाडगा परत द्यायला मी गेले नाही. तो अजून माझ्याकडेच आहे.

आता पलीकडे पत्रे ठोकलेत आणि खोदकाम चालू आहे. संध्याकाळी मी हौदाशी स्टूल टाकून बसते. बाईंचा फोन येतो तो त्याच वेळेला. पहिला प्रश्न ठरलेला, "थोरला खातोय का?" मी म्हणते, "तो काय, खादाड. तुम्ही सांगा, तुम्ही रुळलात का?"

परवा त्या म्हणाल्या, "छे गं. इथलं काही घशाखाली उतरत नाही. अगदी सुकले बघ."

मी फोन जवळ घेऊन पाहिलं. गाल चांगले वर आले होते, चेहरा तुकतुकीत दिसत होता. मागे ओट्यावर कढई होती, आणि त्यांच्या कोपराखालून कोणाचं तरी डोकं वर येत होतं. "आजी, अजून दे," ते डोकं स्वच्छ मराठीत ओरडलं.

बाईंनी त्याला एका हाताने मागे सारलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. म्हटलं, "हो ना, बाई. खरंच खूप सुकलात. घाई करू नका, सावकाश रुळा."